काही विशेष नाही

रविवारी सकाळी अक्काचा फोन वाजला की मयूरा आधी चहाचा कप भरून घ्यायची आणि मगच तो उचलायची. फोन चहा संपेपर्यंत तर चालायचाच, बरेचदा दुसरा चहा होऊन भांडी आवरेपर्यंतही चालायचा. सुरुवात ठरलेली असे. मयूरा विचारायची, "काय विशेष?" अक्का म्हणायची, "काही विशेष नाही बघ." आणि त्यानंतर ती तासभर बोलायची.

अक्का म्हणजे मयूराची थोरली बहीण सुरेखा मांजरे. बार्शीच्या आगारात तिनं आयुष्यभर एसटीची कंडक्टरकी केली. तोंड बंद ठेवणं त्या नोकरीत बसत नव्हतं आणि तिच्या स्वभावात तर त्याहून नव्हतं. आई लवकर गेली, तेव्हापासून मयूराला वेणी घालायला, गणितं सोडवायला आणि वेळ पडली तर भांडायलाही अक्कानंच शिकवलं. पुढे अक्काचे यजमान गेले, मुलगा मंदार रॉटरडॅमच्या बंदरात नोकरीला लागला, मयूरा नाशिकला स्थिरावली. अक्का निवृत्त होऊन बार्शीच्या घरी एकटी राहिली. पण एकटी आहे असं कधी वाटलं नाही, कारण रविवारच्या त्या तासात समोरच्या शिंप्याची शेळी असायची. मैना तिचं नाव. मैनेनं कुणाच्या पोरीच्या साखरपुड्याच्या साडीचा काठ खाल्ला, कुणाच्या दारातली तुळस फस्त केली, नगरसेवकाच्या टोपीला कसं तोंड लावलं, हे सगळं मयूराला नाशिकमध्ये बसून तोंडपाठ होतं.

मग 'खुशाली' आली.

मनगटात एक हलकं कडं घालायचं. ते नाडी मोजायचं, झोप मोजायचं, अंगाची ऊब मोजायचं आणि माणूस दिवसभरात किती बोलला, आवाजात चढउतार किती होता, हेही पाहायचं. काय बोलला हे मात्र ऐकायचं नाही, तेवढी सभ्यता त्यात होती. या सगळ्याचा मिळून एकच आकडा निघे. ज्यांना तुम्ही परवानगी दिली असेल त्यांच्या स्वयंपाकघरात लावलेल्या काचेच्या पडद्यावर त्या आकड्याचा एक रंगीत ठिपका उमटे. लोक त्याला टिकली म्हणू लागले. माणूस मजेत असला की टिकली लिंबाच्या पानासारखी हिरवी, दमला की पिवळी, मन मिटलं की राखाडी, आणि दुखणं आलं की लाल. स्वतःची टिकली मात्र स्वतःच्या काचेवर दिसत नसे. स्वतःकडे बघत बसून माणसं उगाच आजारी पडतात, असं खुशालीवाल्यांचं म्हणणं होतं.

सुरुवातीला सगळ्यांना त्याचं फार कौतुक. मंदारला रॉटरडॅमहून कळायचं की आईला रात्री झोप लागली. मयूरा ओट्याशी उभी राहून दिवसातून वीसदा अक्काच्या हिरव्या टिकलीकडे बघायची. मग एका रविवारी फोन राहिला. टिकली हिरवी आहे ना, मग कशाला तिला कामातून उठवायचं? पुढच्या रविवारी असाच राहिला. होता होता फोन सणासुदीवर आला आणि मग सणालाही टिकलीवरच फूल ठेवायची सोय झाली. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. कुणी विचारलं असतं तर मयूरा शपथेवर म्हणाली असती की अक्का आणि मी पूर्वीपेक्षा जवळ आलोय.

शिवाय त्या टिकलीबद्दल तिला एक गुपचूप अभिमानही होता. कारण टिकली ज्याच्या जोरावर हलायची, तो 'कण' मयूराचा होता.

कण ही एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅमर मंडळी तयार कोडच्या पुड्या बांधून एकमेकांना वापरायला देतात, त्यातली एक. तिचं काम समजायला लग्नघर डोळ्यांसमोर आणावं. आज पानं किती, हे आचाऱ्याला मामा वेगळं सांगतो, काका वेगळं सांगतो, आणि वरबापाच्या मनात तिसराच आकडा असतो. शेवटी कुणीतरी शहाणा म्हणतो, आकडा एकाच फळ्यावर लिहा. ज्याला लागतो त्यानं फळ्यापाशी नाव सांगून ठेवा. आकडा बदलला की आम्ही हाक मारू. कुठल्याही पडद्यावर असंच लग्नघर चाललेलं असतं. एका कोपऱ्यात नाव, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात दिवा लागला की विझला त्याची खूण. प्रत्येकानं आपापली आठवण ठेवली तर चित्र एकमेकांशी भांडू लागतं. म्हणून खरी स्थिती एका जागी ठेवायची आणि बदल झाला की फक्त संबंधितांना हाक मारायची. कण एवढंच करायचा.

अशा लायब्रऱ्या पुष्कळ होत्या. कणाची ख्याती त्याच्या वजनावर होती. तो इतका हलका होता की अख्खा कोड एका नजरेत वाचून व्हावा. या मंडळींमध्ये कोड हलका करण्याचं एक वेड असतं. एखादं अक्षर कमी झालं तरी जिलबी वाटतील. मयूरा त्या वेडात सगळ्यात पुढे होती. कणाचा नियम तिनं चार शब्दांत बांधला होता: बदललं तरच तोंड उघडा. पुढे लोक कणाला तापमापक, पाण्याचे मीटर असलं काय काय जोडू लागले, तेव्हा तिनं त्यात उंबरठाही घातला. पारा काही एका जागी स्वस्थ बसत नाही, सतत थरथरतो. त्या प्रत्येक थरथरीला हाक मारत बसलं तर पडदा वेडा होईल. म्हणून उंबरठ्याहून लहान बदल आला तर कण गप्प राही.

कणाबद्दल तक्रारी येत, पण त्या प्रोग्रॅमर लोकांच्या. त्या सकाळी आली ती जालना जिल्ह्यातून, अंबडजवळच्या एका गावातून. द्वारका खरात नावाच्या बाईंनी ती लिहिली नव्हती, त्या थेट पडद्यावरच हजर झाल्या. मागे तुतीच्या पाल्याचे भारे दिसत होते.

"म्याडम, तो कण तुमचाच का?" त्यांनी विचारलं.

"हो, माझाच. काय झालं?"

"लबाड हाये तो."

मयूराला हसू आलं. "काय केलं त्यानं?"

"आमची रेशमाची शेती. शेडात अळ्या. त्यांना गारवा लागतो, पंचवीसच्या आसपास. माझ्या भाच्यानं तुमचा कण घालून काच बसवून दिली. पुतनीच्या लग्नाला गेले दोन दिवस. काच सांगत होती पंचवीस. माघारी येऊन शेडात शिरले तर भट्टी! कूलरचं पानी संपलं होतं. अळ्या पाल्याकडं बघंनात. अर्धी बॅच गेली माझी."

"तापमापक बिघडला असेल हो."

"मलाबी तसंच वाटलं. पन मी चिडून काचेचं बटनच बंद केलं आन पुन्हा चालू केलं. तर लगेच म्हनती, चौतीस. म्हंजे तिला ठाऊक होतं! ठाऊक असून माझ्याशी बोलली न्हाई. माझा परश्न येवढाच हाये म्याडम, ठाऊक असून गप का बसली?"

मयूराचं हसू थांबलं. नुकसानीबद्दल वाईट तर वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला त्या प्रश्नानंच झपाटलं. ठाऊक असून गप्प का बसली? चुकीचं सांगितलं असतं तर समजण्यासारखं होतं. खरं ठाऊक असताना गप्प बसणारं यंत्र तिनं आजवर पाहिलं नव्हतं, आणि हे तर तिनंच बनवलेलं होतं. "मला आजचा दिवस द्या, द्वारकाताई," ती म्हणाली.

जेवण तिनं बाजूला सारलं. खोट्या शेडचं एक खोटं तापमान तिनं कणाला जोडलं आणि ते झटक्यात चढवून पाहिलं. कण चटकन बोलला. उतरवलं, बोलला. चोख. मग तिला बाईंचे शब्द आठवले, कूलरचं पाणी संपलं होतं. पाणी काही झटक्यात संपत नाही. म्हणून तिनं तापमान अगदी हळू चढवायला घेतलं, उंबरठ्याहून लहान पावलांनी. सव्वीस झालं, कण गप्प. तीस झालं, गप्प. चाळीस, पन्नास. पाण्याला उकळी फुटायची वेळ आली तरी पडद्यावर आपले पंचवीस.

चूक तिला तिथल्या तिथे दिसली. नवा आकडा आला की कण तो मागच्या आकड्याशी ताडून बघायचा. फरक किरकोळ असला तर गप्प बसायचा आणि नवा आकडाच 'मागचा' म्हणून ठेवून द्यायचा. पायऱ्या इतक्या बुटक्या की एकही पायरी चढल्यासारखी वाटली नाही, आणि माणूस मात्र गच्चीवर पोचला. ताडायला हवं होतं ते शेवटचा जो आकडा सांगितला त्याच्याशी. पण त्यासाठी दोन आकडे जवळ ठेवावे लागतात, आत्ताचा आणि शेवटी सांगितलेला. पूर्वी कणात ते दोन्ही होते. मग एकदा वजन घटवण्याच्या भरात मयूरानं त्यातला दुसरा उडवला होता. त्या दिवशी जगभरातून तिला शाबासकी मिळाली होती.

इतकी वर्षं हे उघडकीला कसं आलं नाही? तेही सरळ होतं. पूर्वी माणसं पडदा सतत उघडझाप करत आणि उघडताना चित्र नव्यानं काढलं जाई, त्यामुळे चूक आपोआप पुसली जायची. आता घराघरातल्या काचा वर्षानुवर्षं बंद होत नव्हत्या.

काचा बंद होत नव्हत्या. हे वाक्य मनात आलं आणि मयूराची नजर ओट्यावरच्या काचेकडे गेली. अक्काची टिकली हिरवीगार होती. ती कायमच हिरवी असायची. शेवटची कधी पिवळी झाली होती? साधी दमल्याची पिवळीसुद्धा? तिला आठवेना.

काचेचं बटण कुठे आहे हेच तिला माहीत नव्हतं. भिंतीवर सगळीकडे हात फिरवून झाला, कप्पे धुंडाळून झाले. शेवटी फ्रिज ओढला तेव्हा मागच्या कोळिष्टकात ते सापडलं. तिनं दाबलं. काच काळी झाली. पुन्हा दाबलं. एकेक टिकली नव्यानं उमटू लागली आणि अक्काची उमटली ती चुलीतल्या राखेसारखी होती.

मयूरानं तिथेच, फ्रिज तिरका असतानाच, फोन लावला.

"काय झालं?" पलीकडून घाबरा आवाज आला. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही गेलं अक्का. सहज केला."

"सहज?"

"हो. काय विशेष?"

"काही विशेष नाही," अक्का म्हणाली.

मयूरा पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलंच नाही. अक्काचा आवाज घोगरा झाला होता, बरेच दिवस न वापरलेल्या नळातून पाणी यावं तसा अडखळत होता. "मैना काय म्हणते?" मयूरानं विचारलं.

"हाय."

"आणि मंदार?"

"बरा हाय. टिकली दिसती की त्याची."

एवढंच. ज्या बाईनं शेळीवर तास तास काढले, तिनं तिला एका शब्दात गुंडाळलं होतं. मयूरालाही काही सुचेना, आणि त्याची तिला जास्त भीती वाटली. "ठेवू का मग?" अक्कानं विचारलं, आणि ठेवला. मयूरा फ्रिजला टेकून खाली बसली आणि रडली.

दुरुस्ती सोपी होती, उडवलेला आकडा परत ठेवायचा. द्वारकाताईंच्या काचेवर तिनं ती त्याच दिवशी चढवून दिली. पण सगळ्या जगासाठी ती सोडण्याआधी खुशालीच्या लोकांना सांगणं भाग होतं. तिथले प्रमुख परिमल बोकील, पुण्याचे. माणूस सज्जन आणि मोजकं बोलणारा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही ही नवी आवृत्ती सोडलीत की साचलेला सगळा फरक एकदम बाहेर येणार. कोट्यवधी टिकल्या, एकाच सकाळी."

"हो."

"लोक घाबरतील मयूराताई. दवाखान्यांपुढे रांगा लागतील. आईची टिकली एका रात्रीत राखाडी झाली म्हणून कुणी परदेशातून विमान पकडेल."

"एका रात्रीत झालेली नाही ती."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. मी एक सुचवतो. चूक दुरुस्त करा, पण मूळ आकडा म्हणून आजचाच धरा. जे रंग दिसताहेत ते तसेच राहतील. इथून पुढचा बदल मात्र बरोबर कळेल. कुणाला धक्का नाही, कुणाचं नुकसान नाही."

बोकील काही खलनायक नव्हते. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच ते धोक्याचं होतं. मयूराला ती राखाडी टिकली दिसली. "माझ्या बहिणीची राख झालीय, बोकील," ती म्हणाली. "तुमच्या हिशेबानं आजपासून राखेलाच हिरवं म्हणायचं. ती याहून खाली गेली तरच मला कळणार."

बोकील पुन्हा रांगांचा हिशेब मांडू लागले, पण तिनं त्यांना मधेच थांबवलं.

"तुमच्या काचेवर कोण कोण आहे?" तिनं विचारलं.

"वडील आहेत. साताऱ्याला असतात."

"एकदा काच बंद करून चालू करून बघा."

"नको," ते तिचं वाक्य संपायच्या आत म्हणाले. मग आपला नेहमीचा सूर परत आणून ते म्हणाले, "तुम्ही सोडणार असाल तर मला खुशालीत जुनी आवृत्ती गोठवून ठेवावी लागेल. माझा नाइलाज आहे."

"मी उद्या बार्शीला जातेय. परवा सकाळी तिथूनच सोडेन. गोठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

अक्कानं दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "आजारी बिजारी हाईस का?" आणि मग लगेच, "ये, ये, हातपाय धू." घर लख्ख होतं. अक्का वाळली नव्हती, अंथरुणाला खिळली नव्हती. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी तिनं पानात वाढली. सगळं जागच्या जागी होतं, फक्त आवाज नव्हता. पूर्वी या घरात रेडिओ, कुकर आणि अक्का यांची चढाओढ चालायची.

"अक्का, तू फोन करायची का थांबलीस?" मयूरानं जेवता जेवता विचारून टाकलं.

"मी कुठं थांबले? तुमची ती खुशाली थांबवती." अक्कानं काचेकडे हनुवटी उडवली. "फोन लावला की ती बया विचारती, समोरची व्यक्ती मजेत आहे, आपलं काय काम आहे? मी म्हणायची, काही विशेष नाही. तर म्हणती, मग निरोप ठेवा. आता निरोप काय ठेवू? शिंप्याच्या शेळीनं पोस्टमनची पिशवी चघळली, असा निरोप ठेवू?"

"ठेवायचास!"

"गप गं. तासाभराचं बोलणं निरोपात मावतंय व्हय? आन तुम्हाला सगळं दिसतंच की. झोपले, उठले, जेवले, सगळं ठाऊक. जे ठाऊकच हाय ते परत काय सांगायचं माणसानं? पहिल्यांदा फोनवर बोलणं कमी झालं. मग गल्लीत कमी झालं. मग कधीतरी दिवसभर तोंड उघडलं नाही आन ध्यानातपण आलं नाही." तिनं मयूराच्या पानात आणखी चटणी वाढली. "आन तुझी टिकली बघ की. कायम हिरवीगार. म्हटलं, पोरगी मजेत हाय, कशाला तिच्यामागं आपलं पाल्हाळ लावायचं."

मयूरा काचेकडे वळली. स्वतःची टिकली ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. छान होती, लिंबाच्या पानासारखी. आपण असे दिसतो तर, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं आणि घास हातातच राहिला.

"अक्का, काचेचं बटण कुठाय?"

"पिठाच्या डब्यामागं. का गं?"

मयूरानं डबा सरकवला. काच विझली आणि पुन्हा लागली. मंदारची टिकली आली, पिवळट. दोघींच्या निमामावशीची आली. मग मयूराची आली, आणि ती अक्काच्या टिकलीपेक्षा काडीभरही उजळ नव्हती.

अक्का उठून काचेपाशी गेली. नाक लागेल इतक्या जवळून तिनं त्या ठिपक्याकडे पाहिलं. नंतर बोटानं पुसून पाहिलं.

"ही तू हाईस?"

"मला माहीत नव्हतं," मयूरा म्हणाली. आणि खरंच नव्हतं. रोज थोडी थोडी, इतकी थोडी की कालच्यापेक्षा आज वेगळं आहे असं कुठल्याच दिवशी वाटलं नव्हतं. नाशिकच्या घरात ती एकटी राहत होती, एकटी काम करत होती, रविवारी एकच कप चहा करत होती, आणि कुणी विचारलंच तर सांगत होती की काही विशेष नाही. "अक्का, मला तुझी फार आठवण येते. मला ते कळलंच नव्हतं."

अक्कानं तिला जवळ ओढलं, खरकट्या हातासकट. आणि मग कंडक्टर मांजरेबाईंचा, भरल्या गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज त्या घरात घुमला. "येडी का खुळी तू? माझ्या दारात येऊन माझीच नाडी बघतीयास, आन स्वतःची राखुंडी झालीया त्याचा पत्ता नाही! काय खातीस तिथं? कोण हाय का बोलायला? आन ही तुझी लायब्ररी, तिला काय जीभ कापून ठेवलीयास?" आवाज घोगरा होता, मधेच फुटत होता, पण थांबत नव्हता. मयूरा इतकी बोलणी खात कित्येक वर्षांत बसली नव्हती. तिला फार बरं वाटलं.

ठरल्या सकाळी अक्काच्या ओट्यावर यंत्र ठेवून मयूरानं नवी आवृत्ती सोडली. कण आता पूर्वीपेक्षा थोडासा जड होता. सोडताना सोबत काय बदललं ते थोडक्यात लिहायची पद्धत असते. तिनं लिहिलं: शेवटचं काय सांगितलं होतं, हे आता आठवतं. मग दोघी बहिणी काचेसमोर बसून राहिल्या.

काहीच झालं नाही. अक्कानं चहा टाकला. "त्या बोकिलानं गोठवलं वाटतं," ती म्हणाली. मयूरालाही तसंच वाटलं, आणि ती पुढे काय करता येईल याचा विचार करू लागली. तेवढ्यात काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक टिकली हलली.

मग दुसरी, मग तिसरी. मयूरा उठून उभी राहिली. आदल्या दिवशी तिनं काच चालू केली तेव्हा अक्काच्या माणसांचे खरे रंग दिसलेच होते. हलत होत्या त्या अक्कानं काचेच्या एका कडेला काढून ठेवलेल्या, गावातल्या लोकांनी सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या टिकल्या. त्या काच बंद करूनही बदलल्या नव्हत्या, कारण त्या नगरपालिकेतल्या यंत्रावरून येत आणि ते यंत्र कधीच बंद होत नसे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ठिपक्यांचा रंग पालटत होता. बऱ्याच पिवळ्या झाल्या. काही राखाडी झाल्या. पण तिनं ज्याचा विचारच केला नव्हता असंही काही घडत होतं. काही टिकल्या उजळत होत्या.

"ही कोण?" तिनं एका झळझळीत हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तो तोपर्यंत राखाडी होता.

अक्कानं डोळे बारीक केले. "शिंप्याची सून! बाळंतपणात लेकरू गेलं होतं तिचं. सगळे म्हणत होते, आता ही काय हसायची नाही. अगं बया, सावरली की ही! आन आम्ही दोघी समोरासमोर राहतो. मी कधी विचारलंच नाही तिला. म्हटलं, कशाला दुखऱ्या जागी हात लावा."

दुःख जसं बुटक्या पायऱ्यांनी आलं होतं तसं सुखही आलं होतं. तेही कुणाला कळवलं गेलं नव्हतं.

मयूराच्या हातातलं यंत्र थरथरलं. बोकील यांचा निरोप होता. *गोठवलं नाही. काल रात्री काच बंद करून पाहिली. आत्ता बाबांशी बोलतोय, तुमच्याशी नंतर.* त्याच्याखाली द्वारकाताईंचा होता. *म्याडम कण आता पटापट बोलतो. जरा जास्तच बोलतो पन असू द्या.*

आणि मग गल्लीत फोन वाजू लागले. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या घरात, मग शेजारी, मग समोर शिंप्याकडे. खिडक्या उघड्या होत्या. एकेका खिडकीतून घाबरे आवाज येत होते, काय झालं, बरी आहेस ना, अरे खरंच काही झालं नाही. कुणी रडत होतं, कुणी कुणाला तरी जेवलास का म्हणून दटावत होतं. दवाखान्याकडे धावताना मात्र निदान त्या गल्लीत तरी कुणी दिसलं नाही. ज्याला त्याला एवढंच विचारायचं होतं, आणि आता बदल झालेला असल्यामुळे काम काय आहे असं खुशाली कुणालाच विचारत नव्हती.

अक्काचा फोन वाजला. रॉटरडॅम.

"आई!" मंदारचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. "आई, तुझी टिकली अशी का झालीय? काय झालं? डॉक्टरला बोलावू का?"

"कशाला डॉक्टर? धडधाकट हाय मी. मावशी आलीया तुझी. तू कसा हाईस ते सांग, पिवळा पडलायस नुसता."

"माझं राहू दे गं. तिकडे काय विशेष?"

अक्कानं मयूराकडे पाहिलं. मयूरानं तिच्या हातात चहाचा कप दिला, काठोकाठ भरलेला.

"काही विशेष नाही रे," अक्का म्हणाली, आणि पाट ओढून, पाय पसरून, भिंतीला टेकून ऐसपैस बसली. "आपल्या शिंप्याची मैना हाय नव्हं..."